मेजर, इंजिन चालू होईना!

आजोबा फौजेत होते, हे मी कॉलर ताठ करून सांगायचे. ते गॅरेज चालवतात, हे मात्र सांगायचं टाळायचे. नववीत केलेल्या एका भाषणाची ही उशिरा केलेली दुरुस्ती.

आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेतून रिटायर होऊन आलेला प्रत्येक माणूस 'मेजर' असतो. शिपाई म्हणून आला तरी मेजर, नाईक म्हणून आला तरी मेजर. आमचे आबा हवालदार म्हणून आले. पण गावात पाऊल ठेवल्या दिवसापासून शेवटपर्यंत ते मेजरच राहिले. सकाळी सहालाच कुणीतरी दारात उभं राहून हाक मारायचं, "मेजर, इंजिन चालू होईना!" आणि आबा चहाचा कप तसाच ठेवून उठायचे. आजी आतून ओरडायची, "चहा तरी पिऊन जावा." ते म्हणायचे, "पाणी सुटलंय कालव्याला. त्याची पाळी निघून जाईल."

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आबा गेले. वय ७७. अंत्ययात्रेला माजी सैनिक आले होते, छातीवर पदकं लावून. त्यांच्यामागं मात्र वेगळीच गर्दी होती. ट्रॅक्टरवाले, रसवंतीवाले, पिठाच्या गिरणीवाले. एका आजोबांनी तिरडीजवळ येऊन हात जोडले आणि शेजारच्याला हळूच म्हणाले, "आता माझ्या इंजिनाला कोण हात लावणार?" मला त्या क्षणी राग आला. इथं माणूस गेलाय आणि यांना इंजिनाचं पडलंय! घरी येऊन विचार केला तेव्हा वाटलं, त्या दिवशी आबांबद्दल यापेक्षा खरं कुणीच काही बोललं नव्हतं.

भाषणात झाडलेली गोळी

आमच्या भागात फौज ही घरातली गोष्ट आहे. जवळच्या अपशिंगे गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले, त्यांचं स्मारक तिथं आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये सुरू झाली तीही साताऱ्यातच. त्यामुळे शाळेत १५ ऑगस्टच्या भाषणांना विषय शोधावा लागायचा नाही. 'माझे आजोबा' हा विषय ठरलेला.

नववीत मी भाषण केलं. आबा १९७१ च्या युद्धात होते एवढं मला ठाऊक होतं. बाकीचं मी सिनेमांतून भरलं. आबांनी खंदकातून गोळीबार केला, शत्रूची ठाणी उडवली, जखमी मित्राला पाठीवरून आणलं. टाळ्या पडल्या. पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. आबा समोर पाहुण्यांच्या रांगेत बसले होते, धुतलेलं पांढरं धोतर आणि टोपी घालून. नखांतलं काळं मात्र कितीही घासलं तरी निघायचं नाही. मैत्रिणींना ती नखं दिसू नयेत म्हणून मी फोटोच्या वेळी आबांना हात मागं घ्यायला सांगितलं. त्यांनी घेतले.

येताना एसटी स्टँडपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, मी गोळी झाडली असं तुला कुणी सांगितलं?"

मी गप्प.

"मी ईएमईत होतो. व्हेईकल मेकॅनिक. त्या लढाईत माझ्या हातात बंदुकीपेक्षा पाना जास्त होता. आणि मित्राला पाठीवर आणला नाही कधी. ट्रक आणले ओढून. लई आणले."

मला खूप वाईट वाटलं, पण खरं सांगते, खोटं बोलल्याचं नाही. आजोबा 'नुसतेच' मेकॅनिक निघाले याचं वाईट वाटलं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

'नुसता' मेकॅनिक

ईएमई म्हणजे सैन्याचं यंत्रं सांभाळणारं दल. १५ ऑक्टोबर १९४३ ला त्याची स्थापना झाली. ब्रीदवाक्य 'कर्म ही धर्म'. रणगाड्यापासून रेडिओ सेटपर्यंत जे जे बिघडतं ते दुरुस्त करायचं, जे अडकतं ते ओढून काढायचं. आघाडीवरच्या तुकड्यांबरोबर ईएमईची छोटी पथकं असतात, त्यांना एलएडी म्हणतात, म्हणजे लाइट एड डिटॅचमेंट. गाडी जागच्या जागी नीट झाली तर ठीक, नाही तर मागच्या वर्कशॉपला पाठवायची.

आबा १९६६ मध्ये भरती झाले. वय १८, शिक्षण सातवी. ट्रेनिंग सिकंदराबादला. तिथं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा इंजिन उघडलेलं पाहिलं. पुढं बरीच वर्षं त्यांच्या वाट्याला शक्तिमान ट्रक आला. जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनणारा हा ट्रक त्या काळी फौजेचं सगळं ओझं वाहायचा. माणसं, दारूगोळा, डिझेल, पिठाची पोती, सगळं त्याच्यावरच.

३ डिसेंबर १९७१ ला युद्ध पेटलं तेव्हा आबा पठाणकोटच्या पुढं, शकरगढच्या आघाडीमागं होते. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. या मधल्या दिवसांबद्दल ते फार बोलायचे नाहीत. एक प्रसंग मात्र मी त्यांच्याकडून चार-पाच वेळा ऐकला. रात्रीची वेळ, कडाक्याची थंडी, दिवा लावायला बंदी. दारूगोळ्याचा एक ट्रक रस्त्यात बंद पडला आणि त्याच्यामागं सगळी रांग थांबली. आबांनी बॉनेटवर घोंगडी टाकली, आत डोकं घातलं आणि नुसत्या बोटांनी चाचपत डिझेलची लाइन तपासली. लाइननं हवा धरली होती.

"डोळ्यांनी बघायचं कामच नव्हतं," ते म्हणायचे. "हाताला ठाऊक होतं सगळं."

मी एकदा विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली की. पण ट्रक पोचला नसता तर पुढच्या पोरांना ना गोळी, ना रोटी. त्याची जास्त वाटली."

सुट्टीतले पाहुणे

माझे पप्पा १९७४ चे. ते जन्मले तेव्हा आबा सीमेवर होते. मुलगा झाल्याचं पत्र '५६ एपीओ'च्या पत्त्यावर गेलं. आबांनी मुलाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो ११ महिन्यांचा होता आणि त्यांना बघून किंचाळून रडला. पप्पा म्हणतात, "मला आबा म्हणजे सुट्टीत येणारे पाहुणे वाटायचे. येताना ट्रंक भरून सामान आणायचे आणि मला आवडायला लागले की जायचे."

१९८३ मध्ये १७ वर्षांची नोकरी करून आबा परत आले. तेव्हा त्यांच्या बरोबरीचे बरेच जण पुण्या-मुंबईत सिक्युरिटीच्या नोकरीला गेले. आबांनाही पुण्यातल्या एका कंपनीत काम मिळत होतं, राहायला खोलीसुद्धा. त्यांनी नाही म्हटलं. आजीला एवढंच सांगितलं, "आता घर सोडायचं नाही." आणि रस्त्याकडेच्या आमच्या तुकड्यात चार पत्रे उभे करून, एक व्हाइस, पान्यांचा एक सेट आणि एक जॅक एवढ्या भांडवलावर गॅरेज टाकलं.

पण घरी असणं आणि घरातला होणं यात फरक असतो, हे पप्पांकडून कळतं. नऊ वर्षांच्या मुलाला अचानक एक कडक शिस्तीचा माणूस 'वडील' म्हणून मिळाला. पहाटे पाचला उठवणार, चादरीची घडी चौकोनी घालायला लावणार. दोघांचं फारसं जमलं नाही. पप्पांनी कॉमर्स केलं, गॅरेजात कधी पाय ठेवला नाही. मला आणि माझ्या भावाला मात्र आबांनी खांद्यावर घेऊन वाढवलं. पप्पा एकदा हसत हसत म्हणाले, "माझ्या वाट्याचे आबा तुम्हीच खाल्ले." त्यांचं हसणं पूर्ण हसणं नव्हतं.

शेवटच्या सहा वर्षांत आजीला संधिवातानं ग्रासलं. बोटं वळेनात. तेव्हा आबा भाकरी थापायला शिकले. पहिल्या महिन्यात भाकरीचा नकाशा व्हायचा. नंतर अशी गोल यायला लागली की आजी म्हणायची, "फीलर गेज लावून बघितलंय वाटतं." संध्याकाळी हात रॉकेलनं आणि मग साबणानं धुऊन ते आजीची वेणी घालायचे. त्यांच्या कानाशी त्याच हातांनी एक लांब स्क्रू ड्रायव्हर असायचा दिवसभर. त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत कुठं खडखडतंय ते ऐकायचं. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखं.

"डोळे मिटून कर"

बारावीनंतर मी मेकॅनिकल घेतलं. आबांना इतका आनंद झाला की त्यांनी गॅरेजात पेढे वाटले. पहिल्या वर्षी वर्कशॉपचा जॉब होता, लोखंडाचे दोन तुकडे कानसून एकमेकांत बसवायचे. मी तो जॉब मोठ्या ऐटीत घरी आणला. आबांनी तो उजेडाकडं धरला. मधून लख्ख उजेड दिसत होता. "छान आहे," म्हणाले, "यातून वारा चांगला येईल."

त्या सुट्टीत त्यांनी मला डिझेल इंजिनाची हवा काढायला शिकवली. तुमच्यापैकी कुणी कधी केलंय का? टाकीतलं डिझेल संपत आलं की लाइनमध्ये हवा शिरते आणि इंजिन बंद पडतं. मग नुसतं डिझेल भरून उपयोग नसतो. टाकीचा कॉक उघडायचा, फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करायचा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आली की स्क्रू आवळायचा. तसंच पुढं पंपावर, मग नोझलजवळच्या नटावर. हवा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं ढकलत न्यायची. मधली पायरी गाळली की पुन्हा पहिल्यापासून. मला चौथ्यांदा जमलं. हँडल मारलं, लिव्हर सोडली आणि 'धक् धक् धक्' सुरू झालं. आबा म्हणाले, "आता डोळे मिटून कर."

मी केलं. पण डिग्री हातात आल्यावर मी पुण्यात आयटीत लागले. मेकॅनिकल करून कोडिंग! माझ्या बॅचचे निम्मे असेच आहेत. आबा काही बोलले नाहीत. फोनवर अधूनमधून विचारायचे, "तुमच्या कंपनीत इंजिन असतं का गं कुठं?" मी म्हणायचे, "जनरेटर आहे, आबा." "मग ठीक आहे."

एक्सेल करून दे

लॉकडाउनच्या काळात आबांनी मला एक काम सांगितलं होतं. "माझ्या वह्यांचं ते एक्सेल का काय, ते करून दे." फौजेत प्रत्येक गाडीचं लॉगबुक असतं. किती चालली, कधी काय बिघडलं, काय बदललं, सगळं त्यात. आबांनी तीच सवय गॅरेजात आणली. पंचक्रोशीतल्या प्रत्येक इंजिनाची, ट्रॅक्टरची नोंद. ११ जाड वह्या. मी दर वेळी म्हणायचे, "पुढच्या सुट्टीत नक्की." गणपतीत आले, दिवाळीत आले, यात्रेला आले. कधी केलं नाही. गेल्या सप्टेंबरात त्यांचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. 'नंतर करते' असा मेसेज टाकला. रात्री केला तेव्हा ते झोपले होते.

तेरावं झाल्यावर चारच दिवसांनी एक शेतकरी ट्रॅक्टर ओढून घेऊन आला. पांढरा धूर, आणि डिपस्टिक काढली तर ऑइल ताकासारखं. ऑइलमध्ये पाणी शिरलेलं, म्हणजे हेड गॅस्केट गेलेलं. गॅरेज आता सांभाळतो तो दादा १५ वर्षांचा असताना आबांच्या हाताखाली आला होता. आज तो चाळिशीचा आहे. त्यानं हेड उतरवलं, पट्टी ठेवून पाहिलं, वाकलेलं होतं. "लेथवर पाठवतो, फेस मारून आणू," तो म्हणाला. नेहमीचा उपाय. हेडचा तळ घासून पुन्हा सपाट करायचा.

मी तिथं नुसती बसले होते. काहीतरी करायचं म्हणून वही काढली आणि त्या ट्रॅक्टरचं पान शोधलं. आबांचं ठसठशीत अक्षर: '२०१२, हेड फेस मारला. २०१९, दुसऱ्यांदा फेस. आता तिसऱ्यांदा मारू नये. हेड पातळ झाले. नवीन घ्यावे, मालकाला सांगणे.'

मालक ऐकेना. नव्या हेडचे पैसे कोण घालणार? दादानं त्याला काही समजावलं नाही, फक्त वही पुढं केली. तो माणूस बराच वेळ त्या अक्षरांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मेजरनी लिहिलंय म्हणजे..." आणि ट्रॅक्टर ठेवून गेला. त्या दिवशी मला समजलं की आबा 'एक्सेल' का म्हणत होते. आठवण म्हणून नव्हे, कामाची चीज म्हणून.

आता मी दर शनिवार-रविवार गावी जाते आणि वह्या टाइप करते. सहा झाल्या, पाच राहिल्यात. त्या वह्यांमध्ये लाल शाईनं काही नोंदी आहेत. पहिली सापडली १९९१ ची: 'हेडचे बोल्ट आवळताना घाई केली. गॅस्केट आठ दिवसांत गेले. माझी चूक. पुन्हा करून दिले, पैसे घेतले नाहीत.' हेडचे बोल्ट मधून बाहेर, तिरपे तिरपे, टप्प्याटप्प्यानं आवळायचे असतात. हे आबांनी मला शंभरदा सांगितलं होतं. ते कशातून शिकले होते, ते सांगितलं नव्हतं. माझ्या स्कूटीचंही एक पान आहे: 'नात. ब्रेक शू बदलले. वेगाबद्दल बोलणे.' बोललेही होते, तासभर.

हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरला आबा इस्त्रीचे कपडे घालून बँकेत जायचे. 'जिवंत आहे म्हणून सरकारला सांगून येतो,' म्हणायचे. हयातीचा दाखला दिला नाही तर पेन्शन थांबते. या नोव्हेंबरला त्याऐवजी आजीच्या कुटुंब निवृत्तिवेतनाची धावपळ करावी लागली. आजीचं नाव सर्व्हिस रेकॉर्डमध्ये एक आणि आधारवर एक, फरक फक्त एका वेलांटीचा. त्या वेलांटीसाठी प्रतिज्ञापत्र करावं लागलं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दोन फेऱ्या झाल्या. तुमच्या घरात माजी सैनिक असतील तर एक काम आजच करा. डिस्चार्ज बुक, पीपीओ, ईसीएचएस कार्ड बाहेर काढा आणि घरातल्यांची नावं, जन्मतारखा आधारशी जुळतात का ते पाहा. ते असताना ही दुरुस्ती सोपी असते. नंतर एकटी आजी राहते आणि तिला त्यातलं काही माहीत नसतं.

या फेऱ्या पप्पांनी केल्या. डिस्चार्ज बुक त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उघडून वाचलं. आबा कोणत्या साली कुठं होते त्याची यादी त्यात होती. पप्पा प्रत्येक सालापुढं स्वतःचं वय मोजत होते. "मी पहिलीत होतो तेव्हा ते इथं होते... मला गोवर आला तेव्हा इथं." मग ते गॅरेजात आले. मी टाइप करत होते. माझ्याशेजारी स्टूल ओढून बसले आणि वाचून दाखवायला लागले. आता शनिवारी ते वाचतात, मी टाइप करते.

एक गोष्ट मात्र आम्हाला अडलीय. शेवटच्या चार वह्यांत बऱ्याच नोंदींच्या कोपऱ्यात आबांनी गोल करून 'मा.' असं लिहिलंय. मला वाटतं, 'माफ', म्हणजे पैसे घेतले नाहीत. दादा म्हणतो, "न्हाय, 'मागाहून'. उधारी आहे ती." पप्पांचं म्हणणं तिसरंच, "'माझी चूक' असणार. पहिल्या वह्यांत सबंध लिहायचे, पुढं नुसतं 'मा.' लिहायला लागले." आजीला विचारलं तर म्हणाली, "मला काय ठाऊक? वही त्यांची."

तिन्ही अर्थ आबांना शोभणारे आहेत, पण तिन्हींचे हिशेब वेगवेगळे होतात. फोनवर विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात उत्तर मिळालं असतं. सप्टेंबरातला तो फोन उचलला असता तर कदाचित वह्यांचाच विषय निघाला असता. एक्सेलमध्ये त्या कॉलमला मी नाव दिलेलं नाही. आत प्रत्येक ओळीत आबांनी लिहिलंय तसंच लिहिते. मा.

आणि नववीतलं ते भाषण आता असं वाचावं: माझे आजोबा फौजेत मेकॅनिक होते. गावातही मेकॅनिक होते. फोटोत त्यांचे हात दिसत नाहीत, ती चूक माझी आहे.